फळीची ओळ खोडू नकोस

पोरी,

अक्कलकोट रोडवरच्या त्या शेडच्या छताच्या पत्र्याच्या कामाचं कोटेशन पाठवून तू खाली विचारलंस, ‘काका, पत्र्यावर चालायच्या फळ्या, पडणाऱ्याला झेलायची जाळी आणि हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, यांची ओळ काढू का? मालक म्हणतात, बाकीच्या दोघांच्या कोटेशनात ती नाहीच.’ मी ‘नको’ एवढंच लिहिलं. त्यावर तुझं उत्तर आलं, की मग काम जाईल, आणि ठेकेदारांच्या संघटनेत नाव घालूनही काही होत नाही, वर्गणी भरायची आणि दिवाळीला कॅलेंडर घ्यायचं. यातलं पहिलं खरं आहे, काम जाईलही. दुसऱ्याबद्दल मला बोलायचंय आणि ते मेसेजमध्ये मावायचं नाही.

पत्र्याचं काम तुला मी शिकवायला नको. तरी एक सांगतो, कारण तुझ्याच माणसाच्या तोंडून ऐकलं: ‘बोल्टच्या रेषेवरून चाललं की काही होत नाही.’ हे वाक्य आपल्या धंद्यात बापाकडून मुलाकडे येतं. रेषेखाली पर्लिन, म्हणजे पत्रा पेलणारा आडवा बार, असते हे बरोबर, पण तोल गेलेला माणूस रेष बघून पाय टाकत नाही. आणि आपल्याकडच्या जुन्या लूमच्या शेडींवर उजेडासाठी मध्ये मध्ये टाकलेला, पायाखाली फुटणारा फायबरचा पत्रा आठव. सुताचं तूस आणि धूळ बसून तो सिमेंट पत्र्याच्याच रंगाचा होतो, वरून कळत नाही. त्यात मे महिना. सकाळी अकरा वाजायच्या आतच पत्रा इतका तापतो की हात लावू देत नाही, माणसं घाईला येतात. म्हणून फळी लागते, निदान दोन पर्लिनवर नीट टेकलेली. म्हणून ती ओळ.

ब्रिटनमध्ये छताच्या ठेकेदारांच्या संघटना आणि सरकारचं सुरक्षा खातं एका समितीत बसतात. छत ठिसूळ आहे की नाही हे ठरवायची चाचणी या समितीनं लिहून ठेवली आहे. 45 किलो वाळूची पिशवी 1.2 मीटरवरून छतावर सोडायची, आरपार गेली तर छत ठिसूळ. मला यातली आवडते ती गोष्ट वेगळीच. चाचणी एकट्या पत्र्याची नसते. पत्रा, स्क्रू, वॉशर, पर्लिनमधलं अंतर, सगळ्या जोडणीची असते. चार स्क्रूंच्या जागी दोन मारणारा हात आणि पुढे कधीतरी खाली पडणारा माणूस, यांचा संबंध त्यांनी कागदावर आणला. अमेरिकेतली छत ठेकेदारांची राष्ट्रीय संघटना 1886 सालची. ती मुरलेल्या कारागिरालाही नुसत्या प्रश्नपत्रिकेवर प्रमाणपत्र देत नाही, परीक्षकासमोर हातानं काम करून दाखवावं लागतं. आपल्याकडे प्रमाणपत्र म्हणजे शाल-श्रीफळाबरोबरचा फोटो.

नियम आपल्याकडेही आहेत. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 साली झाला, 1998 च्या केंद्रीय नियमांत उतरत्या छतावरच्या कामाचा वेगळा विचार आहे, 2020 मध्ये हे सगळं एका संहितेत आणलं. हार्नेसला आयएस 3521 आहे. पण हे शिडी चढून पत्र्यापर्यंत नेणार कोण? इन्स्पेक्टर किती शेडींवर चढेल? ते नेऊ शकतात फक्त धंद्यातलीच माणसं, कारण कुठल्या शेडवर आज फळीशिवाय काम चाललंय हे आपल्याला चहाच्या टपरीवरच कळतं. तू एकटीनं ओळ ठेवलीस तर मालकाला तू महाग दिसतेस. सगळ्यांनी ठेवली तर मालकाला काढायला ओळच उरत नाही. संघटना यासाठी असते, बाकी सगळं नंतर.

आमच्या संघटनेची गाडी तिथंच घसरली. बैठकीत चर्चा एकच, स्क्वेअर फुटाला किती. फळीचा विषय काढला की ‘पुढच्या वेळी घेऊ.’ दर एकत्र बसून ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, दर ज्याचा त्यानं लावायचा, आपण कामाची पद्धत ठरवू, असं मी म्हणालो. हसले सगळे. मी उठून आलो, तो परत गेलो नाही. लोक म्हणतात अहंकार, तुझे पप्पाही म्हणत असतील. म्हणू देत. ज्या बैठकीत माणूस पडू नये याला वेळ नाही, तिथं खुर्ची गरम करून मी काय मिळवणार होतो? बसून राहिलो असतो तर आज तुला हा प्रश्न पडला नसता, असं कधी कधी वाटतं खरं. पण फळीचा ठराव तिथं झालाच नसता. ती माणसं मला माहीत आहेत.

तू मात्र जा. तुझ्यात माझ्याइतका राग नाही, ते बरं आहे. आणि जाण्याआधी तुझ्या कामावरच्या पोरांची बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली का बघ. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदार म्हणून तू देऊ शकतेस. तो दिला नसशील तर मला संघटनेचं काही सांगू नकोस.

मालकाला आजच कळव. रक्कम कमी करायचीच तर तुझ्या नफ्यातून कर, पण ओळ राहील, वेगळी आणि ठळक. पुन्हा सांगतो, मजुरीत मिसळून लपवू नकोस, लपवलेली ओळ पुढच्या कामाला गायब होते. मग त्या बाकीच्या दोघांना फोन कर. हो, ज्यांच्या कोटेशनात ती नाही त्यांनाच. रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन ये. कोटेशनं आणायला सांग, पण दराचा रकाना झाकून. दर कुणी कुणाला दाखवायचा नाही, कामाच्या यादीत काय लिहिलंय तेवढंच बघायचं. त्यातला एक येणार नाही, कोण ते मला ठाऊक आहे. त्याला पुढच्या रविवारी परत फोन कर.

तुझा,
काका