छातीचे हाड न कापता बायपास करता येते का?

होय, येते, मात्र प्रत्येक रुग्णाला नाही. नेहमीच्या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापतात आणि ते सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. कमी छेदाच्या पद्धतीत डाव्या स्तनाखाली, दोन बरगड्यांमधून, सुमारे ६ ते ८ सेंटिमीटरचा छेद घेऊन छातीच्या आतल्या बाजूची धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, म्हणजे एलएडीला, जोडतात. हृदय धडधडतच असते. स्टॅबिलायझर नावाच्या दुबेळक्या उपकरणाने फक्त जोडणीपुरता भाग स्थिर धरतात आणि केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात. ही कल्पना नवी नाही, कारण लेनिनग्राडचे शल्यविशारद कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच डाव्या बाजूने छाती उघडून, हार्ट-लंग मशीनशिवाय, म्हणजे हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राशिवाय, अशी जोडणी केली होती. मधुमेही रुग्णांत हाडाच्या जखमेत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असल्याने हाड न कापण्याचा लाभ मला विशेष मोलाचा वाटतो. बरगड्यांमधील नसांमुळे सुरुवातीचे काही दिवस दुखणे मात्र बरेच असू शकते, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. इतर धमन्यांतही अडथळे असतील तर तेथे स्टेंट घालून दोन्ही उपचारांची सांगड घालतात. प्रकृती अस्थिर असलेल्या किंवा तातडीच्या रुग्णासाठी सहसा जुनी पद्धतच निवडतात. शल्यविशारदाने अशा किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या आहेत, हे निःसंकोच विचारावे.