मळीच्या टाकीतला कपॅसिटन्स प्रोब टाकी उतरली तरी भरलेली का दाखवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साखर कारखान्यात मळीच्या (मोलॅसिसच्या) लोखंडी टाकीत वरून 5 मीटरचा टेफ्लॉन चढवलेला रॉड सोडला आहे. हाच प्रोब, तो कपॅसिटन्स म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजून पातळी सांगतो. टाकी भरताना रीडिंग बरोबर येतं, पण पंपाने उपसा सुरू केला की टाकी निम्म्यावर आली तरी 80 टक्के दिसतं. रॉड धुतला की पुन्हा ठीक. पुरवठादार म्हणतो प्रोब बदला.

बदलू नका. तोच प्रकार पुन्हा बसवलात तर महिन्याभरात हाच त्रास होईल. प्रोब अगदी व्यवस्थित मोजतोय, फक्त टाकीतल्या मळीबरोबर स्वतःच्या अंगावर चिकटलेली मळीही मोजतोय.

हे नीट कळायला थोडा हिशोब करू. रॉडचा धातू ही कपॅसिटरची एक प्लेट. मळी विजेची वाहक आहे आणि टाकीच्या पत्र्याला टेकलेली आहे, म्हणून मळी हीच दुसरी प्लेट. मध्ये राहतं फक्त टेफ्लॉन. आतला रॉड 12 मिलिमीटरचा आणि टेफ्लॉनसकट 16 मिलिमीटरचा धरला, टेफ्लॉनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हवेच्या तुलनेत कपॅसिटन्स किती पट वाढतो तो आकडा) 2.1 घेतला, तर बुडालेल्या दर मीटरला सुमारे 400 पिकोफॅरॅड (कपॅसिटन्सचं एकक) येतात. उघड्या, कोरड्या मीटरला याच्या तुलनेत नगण्य, साधारण 10 पिकोफॅरॅड. म्हणजे इतका मोठा फरक केवळ टेफ्लॉनला बाहेरून वाहक काहीतरी लागलंय की नाही यावर ठरतो. त्या वाहकाची जाडी किती, याला फारसं महत्त्व नाही! टाकीभर मळी असो की टेफ्लॉनवर एक मिलिमीटरचा लेप, तो लेप खालच्या मळीशी जोडलेला असेपर्यंत प्रोबला दोन्ही जवळपास सारखेच. मळी दाट असल्यामुळे लेप ओघळायला वेळ लागतो, म्हणून चूक फक्त पातळी उतरताना दिसते. डिझेलसारख्या पातळ, वीज न वाहणाऱ्या द्रवात ही अडचण येत नाही. तिथे हाच सेन्सर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो.

तरीही लेपावर शिक्कामोर्तब करण्याआधी इतर कारणं तपासून घ्या. रीडिंग एकदम 100 टक्क्यांवर जाऊन तिथेच अडकत असेल तर टेफ्लॉनला बारीक छिद्र पडलेलं असतं. सप्लाय बंद करा, रॉडची वायर इलेक्ट्रॉनिक्सपासून सोडवा आणि रॉड मळीत बुडालेला असताना रॉड ते टाकी रेझिस्टन्स मोजा. चांगल्या टेफ्लॉनला मल्टिमीटर ओव्हररेंज दाखवतो, छिद्र असेल तर किलोओममध्ये आकडा येतो. तसं निघालं तर मात्र रॉड बदलावाच लागतो. चूक भरताना आणि उतरताना सारखीच असेल तर झिरो सरकला आहे किंवा हेडमध्ये दमट हवा शिरली आहे, केबल ग्लँड आणि झाकणाचा ओ-रिंग बघा. पंप किंवा ढवळणी चालू होताच रीडिंग नाचत असेल तर अर्थिंग बघा. बऱ्याचदा फिटर आट्यांवर टेफ्लॉन टेप इतका गुंडाळतो की प्रोबचा बॉडी टाकीला विजेच्या दृष्टीने लागतच नाही. हेड आणि टाकीचा पत्रा यांच्यात एक ओमपेक्षा कमी यायला हवं, नाहीतर वेगळी अर्थ वायर जोडा.

कॅलिब्रेशनची चूक तर फारच सर्रास होते. लेप असलेल्या रॉडवर 4 मिलिअँप (ट्रान्समीटरचा शून्य पातळीचा सिग्नल) सेट केला की चूक झिरोमध्येच मुरते, मग रॉड धुतल्यावर रीडिंग उणे जातं. आधी रॉड बाहेर काढून कोमट पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, सुरी किंवा तारेचा ब्रश कधीही लावू नका. धुतलेलं पाणी टाकीत पडू देऊ नका, पातळ झालेली मळी आंबायला लागते. नंतर डिप टेपने (वरून टाकीत सोडायच्या मोजपट्टीने) मोजलेल्या दोन पातळ्यांवर, जसं 20 आणि 80 टक्के, सेट करा. दोन्ही पातळ्या भरतानाच घ्या, उतरताना नको.

आता कायमचा उपाय. कपॅसिटन्सच ठेवायचा असेल तर आरएफ अॅडमिटन्स प्रकारचा ट्रान्समीटर घ्या. तो कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स वेगवेगळे मोजतो. लांब, पातळ लेपामुळे येणारी चूक दोन्हींत जवळपास सारखी असते, त्यामुळे एकातून दुसरी वजा करता येते. लेप जाड झाला की हा हिशोब कोलमडतो, म्हणून अधूनमधून धुणं सुटत नाही. रॉडभोवती स्टिलिंग पाइप (द्रव आत शांत राहावा म्हणून लावतात ती नळी) बसवायचा सल्ला कोणी दिला तर मळीसाठी मुळीच ऐकू नका, पाइप आणि रॉड यांच्यातली फट भरून बसते.

माझं स्पष्ट मत मात्र असं की सलग पातळीसाठी टाकीच्या तळाशी फ्लश डायफ्रॅमचा (दाब घेणारा पडदा टाकीच्या आतल्या बाजूला सपाट असलेला, मळी अडकायला खाच नसलेला) प्रेशर ट्रान्समीटर लावा. मळीची घनता पाण्याच्या सुमारे 1.4 पट धरली तर 5 मीटरला साधारण 0.69 बार येतो. सरळ भिंतीच्या टाकीत दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे थेट वजन, आणि मळीचा हिशोब टनांतच ठेवायचा असतो. फेसाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही, वाहक फेस कपॅसिटन्स प्रोबला मात्र फसवतो.

कपॅसिटन्स वरच्या हाय-लेव्हल अलार्मसाठी राहू द्या, पण गार्ड असलेला स्विच घ्या. त्यात टोकाचा भाग आणि बॉडी यांच्यामध्ये एक तिसरा इलेक्ट्रोड असतो आणि त्याला टोकाइतकंच व्होल्टेज दिलेलं असतं. त्यामुळे टोकापासून लेपातून बॉडीकडे करंट वाहतच नाही. गार्ड नोझलच्या आणि भिंतीवरच्या थराच्या पुढे आत आलेला असायला हवा, आणि आडवा बसवत असाल तर टोक थोडं खाली झुकवा म्हणजे मळी निथळून जाईल.