सायकल क्लबमध्ये दरवेळी मी मागे पडतो. रोड बाईक घेईपर्यंत जाणं थांबवावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वय ४१, नोकरी बैठी, बदली होऊन बेळगावात आलाय. गिअरची हायब्रिड सायकल आहे. एका क्लबबरोबर दोन रविवार गेलात, दोन्ही वेळा सगळे तुमच्यासाठी थांबले आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाणं थांबवू नका. रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची वेगासाठीची सायकल, एवढ्यात घेऊही नका.

उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वय त्रेपन्न. आठ वर्षं रविवारी ग्रुपबरोबर जातोय आणि सध्या शेवटच्या माणसासोबत राहायचं काम माझ्याकडं आहे. त्यामुळं मागं पडणारी माणसं मी पुष्कळ बघितली, तीही अगदी पाठीमागून. त्यांच्यातल्या फार थोड्यांची अडचण सायकलची असते.

आधी त्या थांबण्याबद्दल बोलू. पिरनवाडी ओलांडून जांबोटी रोडला लागलात, पुढचे आठ जण किणयेला पोचले. ते पाणी पितात, फोटो काढतात, केळं खातात, कुणीतरी हेल्मेट काढून घाम पुसतो. सात मिनिटं झाली. मग तुम्ही धापा टाकत येता, आणि तुम्ही दिसलात रे दिसलात की हे टांग मारून निघतात! म्हणजे विश्रांती ज्याला सगळ्यात जास्त लागते, त्याच्या वाट्याला शून्य मिनिटं. पुढच्या टप्प्यात तो आणखी मागं पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. यात तुमची चूक काही नाही, ग्रुपची आहे. आमच्यात भांडून नियम केलाय की शेवटचा माणूस आला की घड्याळ सुरू, त्यानंतर पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. तुमच्या क्लबात असा नियम नसेल तर सरळ बोला. लाजू नका, तिथं मनातल्या मनात असं म्हणणारे आणखी दोघे तरी निघतील.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि खरी मेख इथं आहे. वेग ताशी २० वरून २५ वर नेला, तर नुसती हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. वेग सव्वापट, ताकद दुप्पट. आता पुढच्याच्या आडोशाला राहिलात तर साधारण पाव हिस्सा श्रम वाचतात. नवीन माणूस काय करतो? भीतीपोटी दहा मीटर अंतर ठेवतो, म्हणजे सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेतो. त्यावर पहिल्या पाच किलोमीटरला, सगळे ताजेतवाने असताना, ईर्ष्येनं पळतो. पुढं नावगे येईपर्यंत पायांत गोळे.

एका सायकलीएवढं अंतर ठेवा, तेवढ्यानंसुद्धा फरक कळतो. आपलं पुढचं चाक मात्र त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नका. तो जरासा वळला की तुम्ही खाली, त्याला पत्ताही लागत नाही. पुढं असलेल्यानं ओरडून सांगायचं असतं. आमच्यात मराठी आहेत, कन्नड आहेत, कॅम्पातले दोघे हिंदीवाले आहेत, तर खड्ड्याला कन्नडच शब्द ठरला: ‘गुंडी!’ ‘खड्डा’ म्हणेपर्यंत माणूस खड्ड्यात असतो.

वाऱ्याची दिशाही बघत चला. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून तेव्हा जांबोटी किंवा वेंगुर्ला रोडला जायचं. जाताना बोंब होते, पण दमून परतताना वारं पाठीवर. थंडीत पूर्वेकडचं गार वारं सुटतं, तेव्हा सांबरा-सुळेभावी बाजू बरी. आमच्याकडं नवीन लोक नेमकं उलटं करतात. सुरुवातीला उडत जातात आणि येताना रडतात.

सायकलीबद्दल. बसण्याची उंची तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मी बघितलेल्या दहांतल्या सहा जणांची सीट खाली असते, गुडघे दुखतात आणि बोल सायकलीला लावतात. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, त्याच्या मर्यादेत आठवड्याला हवा भरा. त्यासाठी घरी गेजवाला पंप घ्या. जाड खडबडीत टायर असतील तर बारीक, गुळगुळीत टायर टाका. एवढ्या खर्चात ताशी दीड-दोन किलोमीटर मिळाले तर मला नवल वाटणार नाही. उरलेल्या पैशाचा मागचा लाल दिवा घ्या. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्यानं गाणी लावून धुक्यातून येतात. कित्येकांना मागं दिवाही नसतो, त्यांच्याकडून आपल्याला दिसायची अपेक्षा काय करणार!

माझंच सांगतो. तिसऱ्या वर्षी मी बूट अडकवायचे पेडल घेतले, कारण वेगवान मंडळींकडं होते. जुलैत दुसऱ्या रेल्वे गेटवर रूळ ओले होते, मी ते तिरके ओलांडले. पुढचं चाक रुळावरून सरकलं, पाय पेडलमधून सुटेना, आणि दूधवाले, भाजीवाले, शाळेची रिक्षा अशा भरल्या गेटवर सायकलसकट आडवा. कोपर सोललं. त्याहून वाईट म्हणजे रिक्षातली पोरं आठवडाभर बघून हसायची. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे, हे मी शिकलो ते असं. तुम्ही साधे पेडलच वापरा.

वेगाचा फारच न्यूनगंड वाटत असेल तर एक आकडा देतो. बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची ठराविक वेळेतली राईड. त्यात २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी जेमतेम १५. तुम्ही आत्ता ज्या वेगाला लाजताय, त्या वेगानं माणसं २०० पूर्ण करतात. फक्त टपरीवर तासभर बसत नाहीत. आमचा तर निम्मा क्लब पोहे-उप्पीट खायलाच येतो, तो भाग वेगळा.

पुढचे दोन महिने तिलकवाडीतून किणये किंवा हिंडलग्यावरून शिनोळी, एवढंच करा. शिनोळीला महाराष्ट्र लागतो, मोबाईलवर मेसेज येतो, चहा प्यायचा, परत. येळ्ळूरचा राजहंसगड सुरुवातीला नको. त्याच्या शेवटच्या चढाला मी अजून कधी कधी उतरून ढकलतो, आणि तसं करताना ग्रुपमधल्या कुणी मला आजवर नावं ठेवली नाहीत. कुणी ठेवलीच, तर तो ग्रुप सोडून दुसरा बघा.

एक पावसाळा आणि एक हिवाळा याच सायकलीवर काढलात आणि तरी रोड बाईक हवीशी वाटली, तर खुशाल घ्या. फक्त ३२ मिलिमीटर रुंदीचं टायर बसेल अशी घ्या, आपल्या गावांतले हंप बघता त्याहून बारीक नको. किंमत घरी खरी सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. किणयेला एक शेतकरी मामा दर महिन्याला विचारतात, ‘किती रुपयाला ओ ही?’ त्यांना मी अजून बारा हजारच सांगतो. तरी ते म्हणतात, ‘एवढ्यात जुनी स्प्लेंडर आली असती की!’