पायलटची नोकरी भारतात, घर पुण्यात: अर्ज कधी करावा, बेस कोणता मागावा

मुलीनं अमेरिकेत सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) केलं, आजी-आजोबा कोथरूडला आहेत, तिथला फ्लॅटही आपलाच आहे. मग भारतातल्या एअरलाइनमध्ये अर्ज करून पुणे बेस, म्हणजे ड्युटीचं मूळ ठिकाण पुणे, मागावा का? परदेशातल्या मराठी आईवडिलांचा हा नेहमीचा प्रश्न. बेसचा विचार जरूर करा, पण त्याआधी भारतीय लायसन्स हातात कधी येईल ते बघा. बहुतेकांचा वेळ तिथेच जातो.

परत यायचा विचार चुकीचा नाही. अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारणपणे १५०० तास लागतात. भारतात २०० तासांच्या सीपीएलवर टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता) करून को-पायलट होता येतं. मात्र परदेशी सीपीएल इथे तसंच चालत नाही. डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाकडून ते कन्व्हर्ट करून घ्यावं लागतं. मुलीकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर काहीही करण्याआधी एअरलाइनच्या जाहिरातीतली नागरिकत्वाची ओळ वाचा. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

पहिली पायरी कॉम्प्युटर नंबरची, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षांसाठीच्या नोंदणी क्रमांकाची. त्यासाठी दहावी-बारावीची कागदपत्रं तपासली जातात आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स लागतात. शाळा परदेशात झाली असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र आधी मागवा. फिजिक्स घेतलंच नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून तो विषय देता येतो. इथेच नावाचा घोळही होतो. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. अमेरिकन लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून येतं किंवा गळून जातं. आपल्याला ही एकच मुलगी आहे हे कळतं, पण अर्ज तपासणाऱ्याला तीन वेगळी नावं दिसतात आणि अर्ज परत येतो. लायसन्सवरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यायचं काम ती तिथे असतानाच उरका.

मेडिकल भारताचंच लागतं, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. तिकडचं मेडिकल इथे उपयोगाचं नाही. धाकटं भावंडही याच वाटेनं जाणार असेल, तर फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी पुण्याच्या एखाद्या सुट्टीत हे उरका. डोळ्यांची किंवा हृदयाची काही अडचण असेल तर ती पैसे भरण्याआधीच कळलेली बरी. परीक्षांमध्ये एअर रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा कंपोझिट पेपर असतो. पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओच्या आरटीआर परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लॉगबुकात. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स झाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असला, तरी कंट्रोल्स स्वतःकडे असतील तर विद्यार्थी तोच तास पीआयसी (विमानाचा मुख्य पायलट म्हणून) आणि ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबत) अशा दोन्ही रकान्यांत लिहू शकतो. तिथल्या नियमात ते बसतं. डीजीसीए मात्र ड्युअलचा तास पीआयसीत धरत नाही. समजा लॉगबुकात पीआयसीचे १३० तास दिसतात आणि त्यातले ४० ड्युअलचेही आहेत, तर भारताच्या हिशेबानं उरतात ९०. लागतात १०० आणि त्यातले ५० क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडण्याचे. कमी पडलेले दहा तास घरी परतल्यावर उडवायचे म्हणजे फ्लाइंग क्लबची यादी, हवामान आणि विमानाची उपलब्धता या सगळ्यांची वाट बघणं. म्हणून मुलगी तिथे असतानाच तुम्ही आणि तिनं मिळून पीआयसीची बेरीज इथल्या नियमानं पुन्हा करा. शिवाय पीआयसीचे किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले लागतात. त्यामुळे पेपर होऊ देत, मग उरलेलं बघू, असं करत वर्ष घालवणाऱ्यांना पुन्हा उडून तास भरावे लागतात.

देश सोडण्याआधी आणखी दोन गोष्टी करा. लायसन्स खरं आहे अशी पडताळणी तिथल्या प्राधिकरणाकडून व्हावी लागते. त्याची विनंती निघण्यापूर्वीच पाठवा. आणि पोलीस क्लिअरन्स घ्या. नोकरी लागल्यावर विमानतळ प्रवेशपत्रासाठी पार्श्वभूमीची तपासणी होते. अमेरिकेत या कागदासाठी बोटांचे ठसे लागतात आणि पुण्यात बसून ते काम फार रेंगाळतं.

भारतीय लायसन्स आलं की अर्ज करा, पण हातात ऑफर नसताना स्वतःच्या खर्चानं टाइप रेटिंग करू नका. इंडिगोचा मुख्य ताफा एअरबस ए३२० कुटुंबातला, अकासाचा बोइंग ७३७ मॅक्सचा. चुकीच्या विमानावर लाखो रुपये घातले तर निम्मी दारं बंद होतात. शिवाय उडायला मिळालं नाही की रेटिंगही शिळं होतं. निवडीत लेखी परीक्षा, ॲप्टिट्यूड, सिम्युलेटर आणि मुलाखत असते. सहसा मुलं अडकतात ती लेखीत, कारण परदेशात सीपीएल करताना एटीपीएलच्या (एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सच्या) पातळीचं टेक्निकल वाचलेलं नसतं.

आता बेस. होम बेस म्हणजे ड्युटी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ते ठिकाण. घरून बेसपर्यंतचा प्रवास ड्युटीत मोजला जात नाही. पुण्यात राहून मुंबई बेस घ्यायचं मनात असेल तर एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. उड्डाण पहाटे ५:३० चं, रिपोर्टिंग ४:१५ च्या सुमारास. कोथरूडपासून अंधेरीचं टर्मिनल साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असला तरी तीन तास धरा. खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला तर पुढचं कुणाच्याच हातात नाही. म्हणजे तासभर हाताशी ठेवून रात्री बारालाच निघायचं आणि साडेअकराला उठायचं. कंपनीच्या कागदावर ड्युटी ४:१५ ला सुरू होते, पण शरीर त्याआधी जवळपास पाच तास जागं असतं. त्यानंतर तीन-चार सेक्टर (उड्डाणं), आणि दुपारी तोच घाट चढून परत. युरोपच्या नियामकाचं मार्गदर्शन सांगतं की घर ते बेस हा प्रवास नेहमीच ९० मिनिटांपेक्षा जास्त होत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करावी. हा सल्ला पुण्याच्या मुलांनीही पाळावा.

रोजचा रस्ता एक वेळ निभावेल, स्टँडबाय (बोलावलं तर यायला तयार राहायची ड्युटी) निभावणार नाही. घरच्या स्टँडबायला फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर पोचावं लागतं आणि ते कोथरूडहून जमत नाही. नवीन फर्स्ट ऑफिसरच्या (को-पायलटच्या) वाट्याला स्टँडबाय भरपूर येतो. अमेरिकेत शेजारचा पायलट दुसऱ्या राज्यात राहून जंपसीटवर (विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या जादा सीटवर) कामाला जातो हे तुम्ही पाहिलं असेल. इथे ती सोय धरून चालू नका. कंपनीची पिक-अप गाडीही शहराच्या ठरलेल्या हद्दीतच येते. ती हद्द कुठली ते विचारून घ्या.

म्हणून आमचं मत असं: मुंबई बेस मिळाला तर घ्यावा, पण ड्युटीच्या दिवसांसाठी मरोळ, साकीनाका किंवा पार्ल्यात दोघा-तिघांत खोली घ्यावी. जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती सलग ४८ तासांची झाली आहे आणि त्यात दोन रात्री येतात. आजी-आजोबांना भेटायला तेवढा वेळ पुरतो. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं आहे, तेव्हा मुंबई बेस म्हणजे नेमकं कोणतं विमानतळ, की दोन्ही, हेही विचारा. दोन्ही असतील तर खारघर-पनवेल राहायला सोयीचं.

जाहिरातीत पुणे बेस दिसला तर हुरळून न जाता विचारपूस करा. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, रात्री कंपनीची किती विमानं मुक्कामी असतात? दिवसा विमानं येतात-जातात म्हणजे तिथे बेस आहे असं नव्हे. मुक्कामी विमानं कमी असतील तर जागाही कमी, आणि त्या बहुधा सीनियर लोकांकडे जातात. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, नागरी उड्डाणांना त्यांच्या कामकाजाशी जुळवून घ्यावं लागतं. त्यामुळे तिथल्या जागा मुंबईसारख्या भराभर वाढतील असं धरू नका. नव्या फर्स्ट ऑफिसरला पुणे मिळतं का, आणि कंपनीला बेस बदलायचा अधिकार करारात किती मोकळा ठेवला आहे, हे एचआरकडून ईमेलवर घ्या. फोनवर दिलेला शब्द रोस्टर लागताना कामाला येत नाही.

आत्ता कुठलाही बेस घेऊ, नंतर पुण्यासाठी कंपनी बदलू, असं मनात असेल तर नोटिशीचा नियम लक्षात घ्या. को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला वर्षभराची. शिवाय ट्रेनिंगचा बाँड असतो. त्याची रक्कम किती, मुदत किती आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षागणिक ती रक्कम कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे सही करण्याआधी लेखी घ्या.