सोर्स ५० ओमचा असेल तर परत आलेली लाट त्याच्या रेझिस्टरमध्ये जिरते का?

तुमचा प्रश्न असा: ५० ओमचा सिग्नल जनरेटर (म्हणजे आत ५० ओमचा रेझिस्टर असलेला सोर्स), ५० ओमची केबल, पलीकडचं टोक उघडं. मग त्या टोकावर आपटून परत आलेली लाट जनरेटरच्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरते ना? मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. आकडे मांडले की ते टिकत नाही.

१० मीटर आरजी-५८ (५० ओमची कोॲक्स केबल) घ्या. तिच्यात सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन यायला १००. जनरेटरच्या तोंडाशी टी कनेक्टर लावा, तिथे जोडलेल्या ऑसिलोस्कोपचं (स्कोपचं) इनपुट १ मेगाओमवर ठेवा आणि १ व्होल्टची स्टेप, म्हणजे शून्यावरून एकदम उडी, सोडा. (१ व्होल्ट लोड नसतानाचा. बरेच जनरेटर ५० ओमचा लोड धरून आकडा दाखवतात, ते सेटिंग आधी बघा, इथे हमखास घोळ होतो.) स्कोपवर आधी अर्ध्या व्होल्टची पायरी दिसेल, ती १०० नॅनोसेकंद टिकेल, मग १ व्होल्ट. तोवर टोकाला काय आहे याचा जनरेटरला पत्ताच नसतो, त्याच्या लेखी केबल म्हणजे ५० ओमचा रेझिस्टर.

त्या १०० नॅनोसेकंदांत १० मिलिअँपिअर वाहतात आणि जनरेटरच्या आतल्या रेझिस्टरमध्ये ५ मिलिवॅट जातात. लाट परत पोचली की करंट शून्य. म्हणजे ती 'जिरली' त्याच क्षणी रेझिस्टर तापायचा थांबला! आता टोक शॉर्ट करा. लाट उलटी होऊन येते, स्कोपवर शून्य, रेझिस्टरवर पूर्ण १ व्होल्ट, २० मिलिवॅट. परतणारी लाट दोन्ही वेळा तेवढ्याच ताकदीची, पण एकदा उष्णता शून्य, एकदा चौपट.

रेझिस्टरमधून जाणारा आणि येणारा करंट वेगवेगळा वाहत नाही, त्यांची बेरीज वाहते, आणि उष्णता त्या बेरजेच्या वर्गावर ठरते. मॅचिंगची, म्हणजे सोर्स आणि केबल दोन्ही ५० ओमचे असण्याची, हमी एवढीच की तिथून नवं रिफ्लेक्शन निघणार नाही.

मग ऊर्जा गेली कुठे? टोक उघडं असताना ती केबलमध्येच असते. मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे १० मीटरला १ नॅनोफॅरड, तो १ व्होल्टला चार्ज झाला की अर्धा नॅनोज्यूल. सोर्सने दिला १ नॅनोज्यूल, अर्धा रेझिस्टरमध्ये आधीच गेलेला. हिशोब पै न् पै जुळतो.

सोर्स स्वतः व्होल्टेज देत असताना येणाऱ्या लाटेला तो शॉर्टसारखा का, असंही तुम्ही विचारलंय. लाट म्हणजे बदल, आणि आदर्श सोर्सचं व्होल्टेज लाट आल्याने हलत नाही. त्यामुळे लाटेला फक्त त्याच्यासोबतचा रेझिस्टर जाणवतो. तो १० ओमचाच असला, जसा एखाद्या ३.३ व्होल्टच्या लॉजिक गेटचा असतो, तर सर्किट बोर्डवरच्या ५० ओमच्या ट्रॅकवर २.७५ व्होल्ट निघतात, उघड्या टोकाला ५.५ होतात, आणि परतलेल्या लाटेचा दोन तृतीयांश भाग उलटा होऊन पुन्हा निघतो. हेच रिंगिंग. आउटपुट पिनला अगदी चिकटून ३९ ओम सिरीजमध्ये टाका, ते थांबतं. मात्र ट्रॅकच्या मधे जोडलेल्या चिपला ती अर्धी पायरी दिसतेच, म्हणून अशा क्लॉक लाइनवर (चिपना ताल देणाऱ्या सिग्नलच्या ट्रॅकवर) रिसीव्हर एकच ठेवा, आणि तोही टोकाला.