विरंगुळा कोणाचा?

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

जपानी ठसाचित्रांतल्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात, मग त्यांच्यावर लिहायचं तरी काय, असं तू विचारलंस. चेहऱ्यांपुरतं तुझं बरोबर आहे. लांबट चेहरा, बारीक डोळे, इवलीशी जिवणी हा ठरलेला साचाच होता. वेगळेपण सापडतं ते हातांत आणि हातातल्या वस्तूत. म्हणून आधी ती काय खेळतेय ते बघ आणि लगेच विचार, हा वेळ तिचा स्वतःचा आहे का?

अठराव्या शतकातला ठसाचित्रकार उतामारो, त्याचं काचेची पिपाणी वाजवणाऱ्या मुलीचं चित्र घे, १७९२-९३ च्या सुमाराचं. पातळ काचेचं खेळणं. फुंकलं की तळ आतबाहेर होऊन टक्कन वाजतं. चौकटींवर चेरीची फुलं असलेला तिचा किमोनो आणि लांब बाह्या बघ. अशा बाह्या अविवाहित मुलींच्या. खेळात रमलेली ही मुलगी मला फार आवडते.

पण त्याच उतामारोने योशिवारा या आजच्या टोकियोतल्या सरकारमान्य वेश्यावस्तीतल्या गणिकाही ढिगाने रंगवल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना घरच्या गरिबीपायी लहानपणीच तिथे विकलेलं असे. त्यांच्या मांडीवरचं शामिसेन हे तीन तारांचं वाद्य म्हणजे विरंगुळा नव्हे. ते शिकून त्यांचा भाव वाढायचा. चित्र देखणं आहे म्हणून हे लिहायचं टाळू नकोस. देखणेपणही टाळू नकोस. दोन्ही एकाच कागदावर आहेत.

आता चिकानोबू या नंतरच्या चित्रकाराकडे ये. शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश; त्याच्या अंतःपुरातल्या स्त्रियांची चिकानोबूची तीन-तीन कागदांची चित्रं १८९४ ते ९६ मधली. चेरीचा बहर बघणाऱ्या, बाहुल्यांची मांडणी न्याहाळणाऱ्या बायका. शोगुनची सत्ता १८६८ मध्येच संपली होती आणि ती असताना या अंतःपुराची चित्रं छापायची सोय नव्हती. चिकानोबू स्वतः सामुराई; शोगुनच्या बाजूने उएनोच्या आणि मग हाकोदातेच्या लढाईत लढलेला. हरलेल्या बाजूचा माणूस पंचवीस-तीस वर्षांनी तो वाडा रंगवतोय! हे कळल्यावर त्या चित्रांतली सणासुदीची लगबग मला नुसती गोड वाटेनाशी झाली. ‘पारंपरिक खेळ’ असं लिहिण्याआधी चित्राचं साल बघ. हारुनोबू या आधीच्या चित्रकाराने १७६० च्या दशकात रंगवलेला खेळ त्याच्या आजूबाजूला चालू होता, चिकानोबूचा आठवणीतला.

रंगांबाबतही जपून. जुन्या छापांतला वनस्पतीजन्य निळा उजेडाने उडतो, करडीचा लाल फिका पडतो. त्या फिकेपणाला चित्रकाराचा ‘हळुवारपणा’ म्हणू नकोस. मेइजी काळातले, म्हणजे १८६८ नंतरच्या सम्राटाच्या राजवटीतले, भडक लाल-जांभळे बहुतेक परदेशी रासायनिक रंग आहेत, पण तेवढ्यावरून त्या छापांना हलकं ठरवू नकोस.

आणि चित्रकाराचं एकट्याचं नाव घेऊन थांबू नकोस. तो फक्त रेखाटन करायचा. डोंगरी चेरीच्या लाकडावर कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा घालणारा प्रकाशक वेगळा. कानशिलापाशी निघणारे केस भिंगातून बघ. एकेक केस उठावात ठेवून आजूबाजूचं लाकूड काढलेलं असतं. ते काम कारखान्यातल्या मुरलेल्या कोरक्याकडेच जायचं.

चिकानोबूच्या त्या मालिकेतलं एकच चित्र निवड. खेळणाऱ्या बायकांइतकंच मागे उभ्या असलेल्या, सामान धरलेल्या दासींबद्दलही लिही आणि कच्चं असलं तरी मला पाठव.

तुझे,
सर