नवा एसी बाराव्या दिवशी बंद; कंपनी म्हणते, चूक फिटिंगची!

प्रश्न : एप्रिलमध्ये नाशिकच्या एका दुकानातून दीड टनी स्प्लिट एसी ४१,५०० रुपयांना हप्त्यांवर घेतला. फिटिंग कंपनीच्याच टेक्निशियनने केलं. बाराव्या दिवशी थंडावा गेला. तीनदा गॅस भरून झाला, पण आठवडाभरात पुन्हा तेच. कंपनी म्हणते, मशीन चांगलं आहे, फिटिंग चुकलंय. दुकानदार म्हणतो, आता कंपनीशीच बोला. एसी बदलून मिळेल का? हप्ते थांबवू का?

उत्तर : ताई, हप्ते अजिबात थांबवू नका. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे. हप्ता चुकला की दंड आणि खराब सिबिल तुमच्या वाट्याला येईल, एसीवाल्यांचं काही बिघडणार नाही.

मशीन की फिटिंग, हा वाद त्यांचा आहे, तुमचा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मशीन खराब असेल तर तो वस्तूतला दोष, फिटिंग खराब असेल तर ती सेवेतली त्रुटी. दोन्हींची दाद एकाच तक्रारीत मागता येते. म्हणून दुकानदार, उत्पादक कंपनी आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. एकाला जरी वगळलंत, तरी उरलेले त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतील.

मात्र 'बदलून' मिळणार की 'दुरुस्त करून', हे गॅस नेमका कुठून गळतो यावर बरंचसं ठरतं. तांब्याच्या पाइपच्या फ्लेअर जोडातून (पाइपचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडातून) गळत असेल तर दोष फिटिंगचा. जोड नव्याने केला की काम भागतं. कॉइललाच छिद्र असेल तर दोष मशीनचा. एसीतला गॅस वापराने संपत नाही, गळतीनेच कमी होतो. त्यामुळे गळती न शोधता तीनदा गॅस भरणं हाच हलगर्जीपणाचा पुरावा आहे, आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीतला तो सगळ्यात भक्कम मुद्दा.

पुढच्या भेटीत टेक्निशियनला नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचं पाणी लावून गळती शोधायला सांगा. बुडबुडे येतात तिथला व्हिडिओ काढा. गळतीची जागा जॉब शीटवर, म्हणजे टेक्निशियनच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घ्या. तो लिहीत नसेल तर सही करताना स्वतः लिहा : 'गळती शोधली नाही, फक्त गॅस भरला.' आणि थंडावा टिकतोय याची खात्री होईपर्यंत मोबाइलवर आलेला तक्रार बंद करण्याचा ओटीपी देऊ नका. तो दिलात की कंपनीच्या नोंदीत 'ग्राहक समाधानी' असं पडतं आणि पुढे तोच कागद तुमच्यासमोर येतो. बाहेरच्या मेकॅनिकला मशीन उघडू देऊ नका. वॉरंटी नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं असलं तरी दबू नका. बिलात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बाराव्या दिवशीच्या तक्रारीचा एसएमएस म्हणूनच जपा.

आता तिघांना १५ दिवसांची नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. बिल क्रमांक, आतल्या व बाहेरच्या युनिटचे सीरियल नंबर, तिन्ही भेटींच्या तारखा त्यात हव्यात. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. काही प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, म्हणून तिच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नका.

नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. मागणी पर्यायी ठेवा : नवा एसी, नाहीतर ४१,५०० रुपये व्याजासह, शिवाय मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. भरपाईचा आकडा लाखांत फुगवू नका, त्याने मूळ मागणीचं वजन कमी होतं. कंपनीने दोष नाकारला तर प्रयोगशाळेकडून तपासणीची विनंती लेखी करा. तिचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागू शकतं.

मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ती पहिल्या बिघाडाच्या तारखेपासूनच मोजा, शेवटच्या दुरुस्तीपासून नको.